दोरा हातभरच का घ्यायचा?

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून दाखवा बरं.

आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून एकदा ओवा, म्हणजे हात बसेल. मग एक डोळा मिटा, दोन्ही हात लांब धरा आणि पुन्हा ओवा. काय झालं? दोरा नेढ्याच्या अलीकडून तरी गेला असेल, नाहीतर पलीकडून. तुम्ही मोठ्या आनंदानं टोक ओढायला जाता आणि बघता तर नेढं रिकामंच!

हात तोच, सुई तीच, मग बिघडलं कुठं? आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यामुळे उजव्या डोळ्याला दिसणारं चित्र डाव्यापेक्षा किंचित वेगळं असतं. दोन्ही चित्रांतल्या फरकावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते मेंदू ठरवतो. एक डोळा मिटला की फरक काढायला दुसरं चित्रच उरत नाही. नेढं कुठल्या दिशेला आहे ते कळतं, पण किती अंतरावर आहे ते नीट कळत नाही. एरवी एवढ्याशा फरकानं आपलं काही अडत नाही. पण बारीक सुईचं नेढं मिलिमीटरभरही रुंद नसतं, तिथं मेंदूची चोरी लगेच पकडली जाते.

सुई-दोरा घेऊन बसलं की घरातल्या मोठ्या माणसांकडून सूचना सुरू होतात. दोऱ्याचं टोक ओलं कर. एवढा लांब दोरा कशाला, हातभर पुरे. पीळ पडला ना, सोड ती सुई खाली. शेवटी मागं जाऊन दोन टाके घाल. कापड तिरकं कापू नकोस. या सगळ्या सूचना बरोबर असतात. पण ‘का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तसंच करायचं असतं.’ माझं म्हणणं असं, की हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. सांगणाऱ्याच्या हाताला कारण पक्कं माहीत असतं, फक्त ते कधी शब्दांत मांडलेलं नसतं. ते काम आपण करू.

त्यासाठी एक छोटी गोधडी शिवायला घ्या. फार मोठी नको, हातरुमालाएवढी पुरे. जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे तीन तुकडे एकावर एक ठेवा. कापडाच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे टाके उठून दिसतील. एक सूचना मात्र मीही कारण न सांगता देणार आहे: सुया मोजून घ्यायच्या आणि मोजून परत ठेवायच्या. एखादी हरवली तर सापडेपर्यंत कुणीही जागचं उठायचं नाही. कारण हवंच असेल तर आपल्या तळपायाला विचारा.

दोऱ्याच्या ओल्या टोकापासून सुरुवात करू. सुती दोऱ्याचा बोटभर तुकडा घ्या आणि त्याचा पीळ उलटा फिरवून सोडवा. आधी दोन-तीन पदर सुटे होतील. एका पदराचाही पीळ सोडवला की हातात नुसता कापूस उरेल. त्यातला एकेक तंतू जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांब असतो. म्हणजे रिळावरचा शेकडो मीटर दोरा असल्या चिमुकल्या तंतूंचा बनलेला, आणि त्यांना चिकटवायला डिंकाचा थेंबही नाही. त्यांना धरून ठेवतो तो पीळ. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातलं घर्षण त्यांना सरकू देत नाही. गंमत म्हणजे दोरा ओढला की ते आणखी घट्ट दाबले जातात. दोरा कापतो तिथं मात्र पीळ सुटतो आणि तंतू पिंजारतात. ओल्या टोकावर पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे तो आक्रसू बघतो आणि सुटे तंतू एकत्र ओढून घेतो. थुंकी लावायची की पाणी हा तुमचा घरगुती प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही.

आता सुई कापडात खुपसा. किती सहज गेली! हाच जोर अंगठ्यानं लावला तर कापडाला काहीही होत नाही. थोडा हिशोब करू. सुईचं टोक 0.1 मिलिमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे असं धरू. म्हणजे त्याचं क्षेत्रफळ 0.01 चौरस मिलिमीटर झालं. अंगठा कापडावर टेकतो ती जागा साधारण 1 चौरस सेंटीमीटर, म्हणजे 100 चौरस मिलिमीटर. जोर तेवढाच, पण जागा 10,000 पट लहान, म्हणून दाब 10,000 पट जास्त. सुईची मागची बाजू तुमच्या बोटात रुतते तीही याच कारणानं. तो जोर बोटाच्या मोठ्या भागावर पसरावा म्हणून शिंपी बोटात धातूची टोपी, म्हणजे अंगुस्तान, घालतात.

सुई बाहेर काढा आणि पडलेल्या भोकावर नखानं घासा. भोक गेलं! कारण सुईनं बहुतेक ठिकाणी कापड फाडलेलंच नव्हतं, विणलेले धागे फक्त बाजूला सारले होते. नखानं ते परत जागेवर आले. हाच प्रयोग कागदावर किंवा रेक्झिनवर केला तर भोक तसंच राहतं. चामड्याचंही तसंच, म्हणून ते शिवणाऱ्याला टाका कुठं घालायचा ते आधीच ठरवावं लागतं. कापडावर शिवणाऱ्याला मात्र उसवून पुन्हा शिवण्याची मुभा असते. आज ती मुभा आपण भरपूर वापरणार आहोत.

आता त्या लांब दोऱ्याकडे वळू. बहुतेक मुलं भलामोठा दोरा घेतात, कारण पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा येतो. बघू या कोण किती कष्ट वाचवतं ते. समजा, दोरा 100 सेंटीमीटरचा आहे आणि दर टाक्याला 1 सेंटीमीटर दोरा खर्च होतो. पहिल्या टाक्याला जवळजवळ 100 सेंटीमीटर दोरा कापडातून ओढून घ्यावा लागतो, दुसऱ्याला 99, तिसऱ्याला 98, असं करत शेवटी 1. सगळ्यांची बेरीज किती? पहिली आणि शेवटची संख्या जोडा: 101. दुसरी आणि शेवटून दुसरी जोडा: तेही 101. अशा 50 जोड्या होतात, म्हणजे 5,050 सेंटीमीटर. तुम्ही एकूण साडेपन्नास मीटर दोरा ओढलात!

आता 50 सेंटीमीटरचा दोरा घ्या. तसाच हिशोब केला तर बेरीज येते 1,275 सेंटीमीटर. पावणेतेरा मीटर! दोरा निम्मा झाला, पण ओढणं जवळजवळ एक चतुर्थांशावर आलं. तेवढीच शिवण घालायला आखूड दोरे दोन लागतील, तरी ओढणं साडेपंचवीस मीटरच होईल. पंचवीस मीटर हात हलवण्यापेक्षा एकदा जास्त दोरा ओवणं परवडलं. शिवाय सुईजवळचा दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून जातो, तेवढ्या वेळा घासतो आणि झिजून तुटतो. दोरा जितका लांब, तितक्या त्याच्या फेऱ्या जास्त. ‘हातभर पुरे’ म्हणणाऱ्या आजीनं ही बेरीज कधी केली नसेल. तिच्या दुखऱ्या खांद्यानं केली असेल.

शिवता शिवता दोरा वेटोळी घालायला लागतो आणि मधेच त्याची गाठ होते. ही गाठ कुणी मारली? तुम्हीच. सुई खुपसताना आणि ओढताना ती बोटांत दर वेळी थोडीशी फिरते. प्रत्येक टाक्याला पाव फेरा जरी फिरली, तरी चाळीस टाक्यांत दोऱ्याला दहा फेरे बसतात. जास्तीचा पीळ कुठं जाणार? एका मर्यादेपुढे दोऱ्याला आणखी पिळून राहण्यापेक्षा स्वतःभोवती वेटोळं घालणं सोपं जातं. दोन हातांत दोरा धरून एका टोकाला पीळ देत राहा आणि मग हात हळूहळू जवळ आणा. मधोमध वेटोळं उठताना दिसेल. आता सुई हातातून सोडून लोंबकळू द्या. ती गरागरा फिरेल आणि पीळ सुटून शांत होईल.

तुमच्या शरीरातल्या पेशींपुढेही अगदी हीच अडचण असते. डीएनए हाही दोन पदरांचा, पिळलेला लांबलचक रेणू. त्याची नक्कल करताना दोन पदर सुटे करावे लागतात, आणि ते करताना पुढच्या भागात पीळ साठून वेटोळी पडतात. पेशीला सुई लोंबकळत सोडता येत नाही. म्हणून तिच्याकडे खास प्रथिनं असतात. ती डीएनएचा पदर कापतात, पीळ सुटू देतात आणि पदर पुन्हा जोडून ठेवतात. हे काम आत्ता, हे वाचतानाही, तुमच्या शरीरात चाललेलं आहे.

यापुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. कापडावर बोटभर अंतरात साधा धावदोरा घाला: सुई वर, खाली, वर, खाली. सुरुवातीला गाठ मारू नका, शेवटीही नाही. त्याच्या शेजारी तेवढीच उलटी टीप घाला. ती घालायची पद्धत अशी: सुई वर आली की पुढं जाण्याऐवजी एक टाका मागं जायचं, आधीचा टाका संपला होता तिथं सुई खुपसायची आणि कापडाच्या खालून दोन टाक्यांएवढं पुढं जाऊन वर काढायची. इथंही गाठ नको. आता दोन्ही दोऱ्यांची टोकं एकेक करून ओढा.

धावदोरा सुळकन निघून येतो. उलटी टीप हलायला तयार होत नाही. जास्त ओढलंत तर एखादे वेळी दोराच तुटतो, पण टाके जागेवर! दोन्हीकडे दोरा तोच, कापड तेच आणि गाठ कुठंच नाही. मग एवढा फरक कसा?

धावदोरा ओढताना नीट बघा. आधी कापडाला चुण्या पडतात. कापड गोळा होतं आणि दोरा त्यातून सरळ होत जातो. सरळ झालेल्या दोऱ्याला अडवणार कोण? उलट्या टिपेत दोरा प्रत्येक टाक्याला दिशा बदलतो, पुढं जातो, मागं येतो. कापड कितीही गोळा झालं तरी ही वळणं सरळ होत नाहीत, आणि प्रत्येक वळणावर घर्षण तुमची थोडी ओढ खाऊन टाकतं. समजा, एका वळणावर ओढ निम्मी होते. दुसऱ्या वळणानंतर उरते पाव, तिसऱ्यानंतर एक अष्टमांश. दहा वळणांनंतर उरतो 1,024 वा भाग. तुम्ही इकडे दात-ओठ खाऊन ओढता आणि तिकडच्या टोकाला काही खबरच नसते. शिवण संपल्यावर मागं जाऊन दोन टाके घालायला सांगतात ते यासाठी.

मग सगळीकडे उलटी टीपच का घालू नये? दोन्ही टिपांना किती दोरा लागला ते उसवून मोजा. 10 सेंटीमीटरच्या शिवणीला धावदोऱ्यात साधारण तेवढाच दोरा जातो: निम्मा वर, निम्मा खाली. उलट्या टिपेत वरच्या बाजूला सलग 10 आणि खालच्या बाजूला दुहेरी, म्हणजे 20, असा तिप्पट दोरा लागतो. म्हणून गोधडी शिवणाऱ्या बायका धावदोराच घालतात, पण ओळीवर ओळ, बोटाबोटाच्या अंतरानं. एखादी ओळ तुटली तरी शेजारच्या ओळी थर धरून ठेवतात. टाके फार ओढून चालत नाही हेही त्यांना ठाऊक असतं. गोधडीची ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. न हलणाऱ्या हवेतून उष्णता फार हळू जाते. टाके करकचून आवळले तर थर चपटे होतात, हवा निघून जाते आणि पहाटे पाय पोटाशी घ्यावे लागतात.

गाठ न मारता टाका टिकवणारा एक कारागीर तुमच्या घराजवळच्या झुडपातही असेल. शिंपी पक्षी! चिमणीपेक्षाही लहान, हिरवट पाठीचा, आणि आवाज मात्र त्याच्या आकाराला अजिबात न शोभणारा. शिंपीण मोठ्या पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडते आणि कापूस, झाडाचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्यातलं रेशीम त्यांतून ओवून पानाची पिशवी करते. भोकातून बाहेर आलेलं तंतूंचं टोक पिंजारून फुगतं, त्यामुळे ते परत आत सरकत नाही. आपण पाणी लावून जे टोक मुद्दाम बारीक करतो, ते तिला पिंजारलेलंच हवं असतं.

आता राहिलं कापड तिरकं कापणं. हातरुमाल दोन हातांनी उभ्या धाग्यांच्या दिशेनं ताणा. जवळजवळ काहीच ताणला जात नाही. आडवा ताणा, तेच. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ताणा. रुमाल लांबतो आणि मधे अरुंद होतो! धागे तेवढेच आहेत, एकही लांबलेला नाही. जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारासारखं हे चालतं: पट्ट्या तेवढ्याच राहतात, फक्त त्यांच्यातले चौकोन कलतात. उभ्या-आडव्या धाग्यांमधले इवले इवले चौरस कलून समभुज चौकोन होतात. म्हणून पिशवी तिरक्या कापडाची शिवली तर भाजी भरल्यावर लोंबते. आणि याच कारणानं गळ्याच्या गोलाईला शिंपी मुद्दाम तिरकी कापलेली क्रॉसपट्टी लावतात. ती वळणावर ताणली जाते आणि चुणी न पडता बसते. बघा, ज्या गुणासाठी एका ठिकाणी ओरडा खावा लागतो, तोच दुसऱ्या ठिकाणी कामी येतो.

मधेच एक बोलून घेतो. शिवणकाम मुलींचं, असं अजून काही वर्गांत ऐकू येतं. हे ज्यानं ठरवलं त्यानं बाजारातलं शिंप्याचं दुकान पाहिलेलं नसावं. क्रिकेट खेळणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. भारतात होणाऱ्या कसोटी सामन्यांत वापरला जाणारा एसजी चेंडू मेरठमध्ये बनतो आणि त्याची शिवण हातानं घातलेली असते, सहा ओळींची. ती उंचावलेली शिवण नसती तर नव्या चेंडूची निम्मी जादू गेली असती. गोलंदाज शिवण तिरकी धरून चेंडू टाकतो. शिवणीवरून जाणारी हवा खळबळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या फरकामुळे चेंडू हवेतच वळतो. फलंदाजाची दांडी उडते त्यात मेरठच्या कुणा कारागिराच्या सुईचाही हात असतो.

आणि डॉक्टर? सुश्रुतसंहिता या प्राचीन ग्रंथात शस्त्रक्रिया शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी सराव कशावर करावा ते सांगितलं आहे. कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर. टाके घालण्याचा सराव पातळ आणि जाड कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. म्हणजे माणसाच्या जखमेला हात लावण्याआधी तुमच्यासारखंच कापडाच्या तुकड्यावर बसायचं. जखमा शिवण्याचे चार प्रकार तिथं दिले आहेत. त्यातल्या एकाचं नाव आहे तुन्नसेवनी, म्हणजे रफू करणाऱ्यासारखी शिवण. सुयाही वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: गोल, तीन धारांची आणि धनुष्यासारखी वाकडी.

पण एक गोष्ट पुढे खूप काळ कुणाला नीट जमत नव्हती: तुटलेली रक्तवाहिनी जोडणं. 1894 च्या जून महिन्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्याँ शहरात सुरीहल्ला झाला. पोटातली मोठी शीर कापली गेली. ती शिवता आली नाही आणि ते वाचले नाहीत. त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा वीस वर्षांचा तरुण वैद्यकशास्त्र शिकत होता. शीर शिवता आलीच पाहिजे, हे त्याच्या मनानं घेतलं. मग तो गेला कुणाकडे? ल्याँमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे, सुई चालवायला शिकायला. ल्याँ रेशमासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या बारीक सुया आणि रेशमी दोरा कसा हाताळायचा ते त्यानं त्यांच्याकडून शिकून घेतलं.

तरी अडचण उरतेच. शीर मऊ, ओली आणि गोल. वरच्या बाजूला टाका घालायला जावं तर सुई खालच्या बाजूलाही पकडते आणि शीर बंद होऊन बसते. कारेलनं युक्ती काढली. दोन तुकड्यांची तोंडं समोरासमोर आणून त्यानं गोलाईवर सारख्या अंतरावर फक्त तीन टाके घातले. मग ते तीन दोरे तीन दिशांना ओढून धरले. गोलाचा झाला त्रिकोण! आता वेड्यावाकड्या गोलाईऐवजी एकामागून एक तीन सरळ कडा शिवायच्या होत्या, आणि समोरची बाजू आपोआप दूर राहत होती. ही रीत त्यानं 1902 साली प्रसिद्ध केली. 1912 साली, रक्तवाहिन्या शिवण्याच्या आणि अवयव दुसरीकडे बसवण्याच्या कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

आता तुमची पाळी. एक जुना सुती मोजा घ्या (आधी घरात विचारून!) आणि पायाची नळी मधोमध आडवी कापा. दोन्ही तोंडं समोरासमोर धरून आधी तशीच गोल गोल शिवत जा. मग ती उसवा आणि दुसऱ्या वेळी कारेलचे तीन टाके घालून, दोन मित्रांना दोरे ओढून धरायला सांगून शिवा. दोन्ही वेळा शिवण झाल्यावर आतून बोट घाला. बोट आरपार गेलं तर तुमची शीर वाहती आहे. मधेच अडलं तर कुठल्या टाक्यानं समोरची बाजू पकडली ते शोधा, तेवढाच टाका उसवा आणि पुन्हा घाला. दोरा मात्र हातभरच घ्या.